पुरळाला ‘काय लावू’ विचारण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर हल्ली एकाच तक्रारीची पत्रे वारंवार दिसतात. अंगावर महिनोन्‌महिने पुरळ आहे, खाज जात नाही, कारण कळत नाही, तर काय लावावे? त्यावर इतर वाचक कडुनिंबाच्या पाल्यापासून मेडिकलमधल्या अमुक रंगाच्या ट्यूबपर्यंत सगळे सुचवतात. हेतू चांगलाच असणार. पण काय लावायचे हे नंतर ठरते. आतापर्यंत काय काय लावले ते आधी विचारायला हवे. जुनाट, कारण न सापडणाऱ्या पुरळांपैकी पुष्कळांचे मूळ कारण अगदी साधे असते. ते आधी मलमांनी झाकले जाते आणि मग कुणालाच सापडत नाही.

जांघेत किंवा कमरेवर खाज सुटली की माणूस दवाखान्यात जात नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हळू आवाजात सांगतो आणि ट्यूब घेऊन येतो. तीत बहुधा तीन औषधे एकत्र असतात. बुरशीवर क्लोट्रिमेझोल किंवा मायकोनेझोल, जंतूंवर जेंटामायसिन किंवा निओमायसिन, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांतल्या सर्वांत तीव्र गटातले. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूब ‘लागू पडली’ असे वाटते. प्रत्यक्षात स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि बुरशी खाली निवांत पसरत असते. ट्यूब थांबवली की आठवड्याभरात पुरळ परत येते, पहिल्यापेक्षा मोठे. नायट्याचा ओळखीचा आकार, म्हणजे कड उंच आणि मधली जागा साफ, मोडून जातो. वर्तुळात वर्तुळ दिसते किंवा नुसताच तांबूस पट्टा. अशा वेळी तज्ज्ञालाही पहिल्या नजरेत तो इसब वाटू शकतो. जांघेत त्वचा पातळ होऊन जे वळ पडतात, ते नंतर कितीही उपचार केले तरी पूर्ण जात नाहीत. निओमायसिनचीच ॲलर्जी होऊन मूळ पुरळावर दुसरे पुरळ चढते, ते वेगळेच.

ही मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये ती शेड्यूल एचमध्ये घातली. काउंटरवर त्याचा किती परिणाम झाला हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत पाहावे. निदान ट्यूबवरची बारीक अक्षरे तरी वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे आणि निदान होईपर्यंत ते लावू नये. मात्र डॉक्टरांनी सोरायसिस किंवा इसबासाठी ठराविक मुदतीकरता दिले असेल तर ऐकीव माहितीवर घाबरून बंद करू नये. स्टिरॉइड योग्य जागी फार चांगले औषध आहे. पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे चालू असतील (‘खाजेच्या पांढऱ्या बारीक गोळ्या’ म्हणून त्या सर्रास दिल्या जातात) तर त्या एकदम थांबवणे धोक्याचे असते. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या.

नायटा आता पूर्वीसारखा दोन आठवड्यांत का जात नाही, यामागे आणखी एक कारण आहे. भारतात सध्या पसरलेली बुरशी म्हणजे ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवले. टर्बिनाफिन हे बुरशीवरचे औषध बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते त्यातच हिच्या अनेक वाणांनी बदल केले आहेत, त्यामुळे टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी बऱ्याच जणांना पुरेशी पडत नाही. मग इट्राकोनाझोल देतात. तेही फसते आणि त्याचे कारण अनेकदा घरातच असते. साधी इट्राकोनाझोल कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते, कारण ती शोषली जायला पोटातले आम्ल लागते. सोबत ‘गोळ्यांनी ॲसिडिटी होऊ नये’ म्हणून पॅन्टोप्राझोल घेतले की औषध बरेचसे वाया जाते. हृदयाचा आजार असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर हे औषध स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. बुरशीचे मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचे. लोक नेमके तेव्हाच थांबवतात. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली जीन्स आणि घरात सगळ्यांचा मिळून एक टॉवेल असेल तर औषध बदलून उपयोग नाही.

आता खाज कुठे आहे आणि कधी वाढते ते पाहू. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेवर बारीक पुरळ आहे आणि घरातल्या आणखी कुणाला खाजते आहे, तर ती खरूज असण्याची शक्यता दाट. पुरुषांत गुप्तांगावर आणि स्त्रियांत स्तनाग्रांभोवती पुरळ असते. लाजेपायी हे सांगितले जात नाही आणि निदान हुकते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे ज्याला अजून खाजत नाही त्याच्या अंगावरही खरजेचा किडा असू शकतो. ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायांपर्यंत, नखांखाली आणि बेचक्यांतसुद्धा, रात्री लावून ८ ते १२ तास ठेवायचे आणि ७ दिवसांनी पुन्हा लावायचे. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागते. चार जणांच्या घरात एक ट्यूब आणून वाटून घेतली, किंवा फक्त खाजणाऱ्या जागी ठिपके दिले, की खरूज ‘औषधाला दाद देत नाही’ अशी होते. सगळ्या घराने एकाच रात्री लावायचे. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवायचे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा मलम फासले तर त्वचा कोरडी पडून नवी खाज सुरू होते. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत एकेका मुलावर वेगळा उपचार करण्यात अर्थ नसतो, पूर्ण खोलीवर एकाच वेळी करावा लागतो. लहान बाळांना आणि गरोदर बाईला काय द्यायचे ते मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कामाचा प्रश्न विचारल्याशिवाय पुरळाचा छडा लागत नाही, आणि नेमका तोच केस पेपरवर नसतो. निफाड-दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून द्राक्षकाडीवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात. ते उघड्या हातांनी किंवा सुती मोज्यांनी केले तर हातांवर, मनगटांवर आणि घाम पुसताना चेहऱ्यावर भाजल्यासारखे पुरळ येते. सुती मोजा भिजला की औषध त्वचेला चिकटूनच राहते, म्हणजे मोजा नसण्यापेक्षा वाईट. जाड नायट्राइल किंवा रबरी मोजेच हवेत. (त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लालबुंद होऊन धडधड सुरू होते, ती पुरळाची ॲलर्जी नव्हे, औषधाचा गुण.) पुढे बुरशीनाशकांच्या फवारण्या सुरू होतात आणि त्यांतल्या मॅन्कोझेबसारख्यांची खरी ॲलर्जी होऊ शकते. अंबड-सातपूरच्या मशीनशॉपमध्ये कूलंटच्या (यंत्र थंड ठेवणाऱ्या) तेलाने कोपरापासून मनगटापर्यंत केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. हात थिनरने किंवा डिझेलने धुतले की त्वचेचे तेल निघून इसब होतो. बांधकामावर सिमेंटमधल्या क्रोमेटची ॲलर्जी होते. लसूण सोलणाऱ्या उजव्या हाताच्या बाईला पुरळ डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांवर येते, कारण पाकळी त्या बोटांत धरलेली असते आणि सुरी उजव्या हातात. एवढे दिसले तर महागड्या तपासणीची गरज उरत नाही.

गाजर गवताबद्दल थोडे सविस्तर, कारण ते प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. मुख्यतः उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांत पापण्या, मान, कानामागची जागा आणि कोपराच्या लवणी जाड, काळपट, खाजऱ्या होतात. पावसाळ्यात वाढ, हिवाळ्यात थोडा आराम, दर वर्षी आधीपेक्षा जास्त. याला उन्हाची ॲलर्जी समजून वर्षानुवर्षे सनस्क्रीन लावले जाते. फरक पाहायचा असेल तर माणसाला मान वर करायला सांगावे. हनुवटीखालची, पापण्यांच्या घडीतली आणि कानामागची जागा, जिथे ऊन सहसा पोचत नाही, तीही तेवढीच बिघडलेली असेल तर हवेतून येणाऱ्या कणांवर संशय घ्यावा. उन्हाचे पुरळ त्या जागा सोडते. जुने झाले की दोन्ही एकत्रही असतात, म्हणून शेवटचा निर्णय पॅच टेस्टचा, म्हणजे पाठीवर पट्ट्या चिकटवून घेतात त्या ॲलर्जीच्या तपासणीचा. हे गवत हाताने उपटू नये आणि जाळून धुरात उभे राहू नये.

अंगावर पित्त उठते त्याची परीक्षा घरच्या बॉलपेनने होते. गांधीभोवती पेनाने रेघ काढावी आणि वेळ लिहावी. एक गांध २४ तासांच्या आत मागे काहीही न ठेवता विरली आणि नवी दुसरीकडे उठली तर ते शीतपित्त. २४ तासांपेक्षा जास्त टिकली, खाजण्याऐवजी दुखली किंवा मागे निळसर डाग राहिला तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे) लागते. सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या शीतपित्तात बाहेरचे कारण बहुतेकदा सापडत नाही. ते सापडावे म्हणून शेकडो पदार्थांच्या रक्ततपासणीचे पॅकेज गळ्यात मारले जाते. त्या रिपोर्टात गहू, दूध, वांगे, शेंगदाणे अशी यादी येते आणि घरातल्या बाईचे जेवण बंद होते, पित्त तसेच. या पैशांत सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन रोज नियमाने, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, घेतले तर बहुतेकांचे भागते. खाजल्यावर एक गोळी, मग चार दिवस नाही, अशाने काहीच साधत नाही. आमसुलाचे पाणी प्यायला हरकत नाही. गोळीच्या ऐवजी नको.

औषधांचे पुरळ नव्या गोळीनंतर साधारण ४ ते १४ दिवसांनी येते, त्यामुळे आज सकाळच्या गोळीवर संशय घेऊन दोन आठवड्यांपूर्वीची सुटून जाते. एक प्रकार तर कायम निसटतो. ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर दर वेळी त्याच जागी गोल, जांभळट डाग उठतो, जळजळतो आणि काळा होऊन बसतो. कारण बहुधा वर्षातून दोनदा घेतलेली गोळी असते, जुलाबावरची टिनिडाझोल मिसळलेली, सल्फाची किंवा अंगदुखीवरची. ‘रोजचे कोणते औषध चालू आहे?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते, आणि ते खरेही असते.

न खाजणारा चट्टाही विसरू नये. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम कमी, केस विरळ, आणि डोळे मिटून कापसाचा धागा टेकवला तर कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो आणि वेळेत घेतला तर हातापायांना व्यंग येत नाही. याला नायटा समजून मलम लावत बसण्यात जो वेळ जातो, त्यात नस जाते.

काही पुरळांसाठी अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड, त्वचा दुखरी होऊन सोलवटणे, तापासोबत चेहऱ्यावर सूज, ओठ-जीभ सुजून श्वासाला अडथळा: थेट इमर्जन्सीला जावे, नेताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत घ्याव्यात. काचेचा पारदर्शक पेला पुरळावर दाबला आणि लाल ठिपके फिके पडले नाहीत तर ते त्वचेखालचे रक्त आहे. तापात असे झाले तर त्याच दिवशी प्लेटलेट तपासाव्यात. डेंग्यूच्या दिवसांत तर नक्कीच.

तज्ज्ञाकडे जाताना काय न्यायचे, यावर बरेच अवलंबून असते. सिव्हिलच्या ओपीडीत काय किंवा खासगीत काय, डॉक्टरांकडे वेळ थोडाच असतो. वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, आणि कागदात बांधून दिलेल्या पुड्याही एका पिशवीत न्याव्यात. ‘एक पांढरी ट्यूब होती, निळ्या झाकणाची’ यावरून काही कळत नाही. एका कागदावर चारच गोष्टी लिहाव्यात: पुरळ पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या महिन्यात आले, कसे पसरले, सुट्टीत किंवा गावी गेल्यावर कमी होते का, आणि घरात-कामावर आणखी कुणाला आहे का. मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तोही लिहावा. पुरळ न दिसता नुसतीच अंगभर खाज असेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तातले लोह तपासावे लागते.

पुरळ येते-जाते अशा प्रकारचे असेल तर फोटो हवाच. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एक फोटो लांबून, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद करावा. तो पुरळसुद्धा पुसतो. इंटरनेटवरच्या चित्रांशी ताडून पाहू नये. त्यांतली बरीच गोऱ्या कातडीची असतात आणि तिथे जे गुलाबी दिसते ते आपल्या त्वचेवर जांभळट, करडे किंवा नुसतेच काळपट दिसते.

तज्ज्ञाकडे जायच्या दिवशी सकाळी अंगाला तेल, पावडर, हळद, मलम काहीही लावू नये. चट्ट्याची कड बोथट पात्याने खरवडून, पापुद्र्यांवर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतात. ही तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही आणि बऱ्याचदा तासाभरात निकाल मिळतो. कालपर्यंत बुरशीचे मलम लावलेले असेल किंवा मधली जागा खरवडली असेल तर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येतो. शक्य असेल तर आधी आठवडाभर बुरशीचे मलम थांबवावे. डॉक्टरांनी स्वतःहून ही तपासणी सुचवली नाही तर मोकळेपणाने विचारावे. यात कुणाचा अपमान होत नाही.

कामाच्या किंवा दागिने, केसांचा डाय, टिकलीचा गोंद यांच्या संशयाला पॅच टेस्ट लागते. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात आणि दोनदा वाचतात, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम नाही. मजुरी करणाऱ्याला हे आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी अंघोळ करतो आणि सगळे फुकट जाते. हातावर टोचून वीस मिनिटांत वाचतात ती चाचणी वेगळी, ती या पुरळाला कामाची नाही.

एवढे करूनही निदान होत नसेल, विशेषतः नितंबांवर किंवा कमरेवर वर्षानुवर्षे न हलणारा चट्टा असेल, तर बायोप्सीला नकार देऊ नये. भूल देऊन तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. तुकडा ताज्या, औषध न लावलेल्या जागेचा असावा आणि स्टिरॉइडचे मलम दोन ते चार आठवडे बंद असावे. फोडांच्या आजाराचा संशय असेल तर इम्युनोफ्लुओरेसन्स नावाच्या खास तपासणीसाठी दुसरा तुकडा घेतात. तो फॉर्मॅलिनच्या (नेहमीचा तुकडा टिकवायच्या द्रवाच्या) बाटलीत टाकला की ती तपासणी गेली. लॅबमध्ये तुकडा घेऊन नातेवाइकालाच पळावे लागत असेल तर त्याने बाटलीवर काय लिहिले आहे हे विचारून घ्यावे.

निदान होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत करायचे फार थोडे आहे. कोमट पाण्याची छोटी अंघोळ, अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, नखे कापलेली. दमट जांघेत आणि काखेत मात्र तेल-जेली नको, तिथे जागा कोरडी ठेवावी. बादलीत जंतुनाशक द्रव, चट्ट्यावर लिंबू, खाण्याचा सोडा, उग्र साबण हे सगळे बंद. पुरळ बरे झाल्यावर काळा डाग काही महिने राहतो. खाज नाही, पापुद्रे नाहीत, कड उंच नाही, तर तो फक्त डाग आहे आणि त्यासाठी पुन्हा ट्यूब आणायची नाही.

आपल्याला एक विनंती. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे जरूर छापावीत, पण उत्तरात मलमाचे किंवा गोळीचे नाव आले तर ते वगळावे, मग पत्र डॉक्टरांचे असले तरी. ते कात्रण मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीसारखे वापरले जाते.

कळावे,
आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक